पत्रा कापायचा कशाने?

पत्रा म्हणजे लाटून पातळ केलेला धातू. किती पातळ, याची सीमा सगळीकडे सारखी मानली जात नाही. साधारण ५ ते ६ मिमीच्या वर गेला की तो पत्रा न राहता प्लेट होतो. छपरे, ट्रंका, कूलर, एसीचे डक्ट, धान्याच्या कोठ्या, मोटारींचे दरवाजे आणि हॉटेलांच्या स्वयंपाकघरांतले ओटे यांसाठी लागणारा पत्रा बहुधा ०.३ ते २ मिमी जाडीचा असतो. बाजारात ही जाडी अजूनही गेजमध्ये बोलली जाते. आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, हे नवख्याला उलटे वाटते. भारतात रूढ असलेल्या ब्रिटिश एसडब्ल्यूजी मापात १६ गेज म्हणजे १.६३ मिमी, १८ गेज १.२२, २० गेज ०.९१, २२ गेज ०.७१, २४ गेज ०.५६ आणि २६ गेज ०.४६ मिमी. अमेरिकी मापाशी हे नेहमी जुळत नाही. तिथला १६ गेजचा पोलादी पत्रा १.५२ मिमीचा असतो. म्हणून हत्यार घेताना आणि पत्रा घेतानाही मिमीतला आकडा विचारावा आणि जमल्यास मायक्रोमीटर लावून पाहावा. मायक्रोमीटर नसेल तर वजनकाटा चालतो. १ मिमी जाडीचा पोलादी पत्रा दर चौरस मीटरला ७.८५ किलो भरतो, म्हणजे ८ बाय ४ फुटांचा अख्खा पत्रा सुमारे २३.३ किलो. त्याच मापाचा २० गेजचा पत्रा २१ किलोंच्या थोडा वर जायला हवा. तो १८ किलो भरला तर २० गेज नव्हे, मग दुकानदार काहीही म्हणो.

जाडीइतकेच महत्त्व धातूला. साध्या पोलादाच्या तुलनेत ३०४ जातीचे स्टेनलेस कापायला सुमारे दीडपट जोर लागतो, शिवाय ते दाबले-वाकवले की तिथल्या तिथे आणखी कडक होत जाते. अर्धवट दाबून सोडलेला काप पुन्हा पकडायला गेले की हत्यार घसरते, ते यामुळेच. जी कात्री साधा पत्रा १८ गेजपर्यंत कापते, तिच्याकडून स्टेनलेसची अपेक्षा २२ गेजपर्यंतच करावी. अ‍ॅल्युमिनियम मऊ असते, पण चिकट. करवतीच्या दात्यांत आणि घासणाऱ्या चकतीत ते भरून बसते. तापवून मऊ केलेले तांबे कात्रीला सर्वांत सोपे. पितळ त्याहून ताठर असते, पण करवतीला ते चांगले. जस्ताचा मुलामा दिलेला जीआय पत्रा आणि रंगीत पत्रा कापायला साध्या पोलादासारखेच. त्यांचा प्रश्न जोराचा नसून उष्णतेचा आहे, आणि हत्याराची निवड सर्वांत जास्त चुकते ती याच दोन पत्र्यांच्या बाबतीत.

कापताना धातूचे काय होते

पत्रा कापण्याच्या सगळ्या पद्धती तीन गटांत बसतात. पहिल्या गटात दोन पाती पत्र्याला समोरासमोरून ढकलून कातरतात: हातकात्री, लिव्हर शिअर, गिलोटिन, पंच. दुसऱ्या गटात धातूचे कण किंवा तुकडे काढून टाकून काप पाडला जातो: हॅकसॉ, जिगसॉ, निबलर, ग्राइंडरची चकती. तिसऱ्यात धातू जाळला किंवा वितळवला जातो: गॅस, प्लाझ्मा, लेझर. पहिल्या गटात धातू वाया जात नाही पण पत्रा वाकतो. दुसऱ्यात पत्रा सपाट राहू शकतो, मात्र कापाच्या रुंदीएवढा धातू जातो. तिसऱ्यात जोर लागत नाही, पण कडेची प्रकृती बदलते.

कातरताना पाते पत्र्याला सुरीसारखे चिरत नाही. आधी पत्र्याचा पृष्ठभाग दबून गोलसर होतो, मग पाते धातूत घुसते आणि चकाकणारी गुळगुळीत पट्टी तयार होते. जाडीचा काही भाग असा कापला गेला की वरून आणि खालून निघालेले तडे एकमेकांना भेटतात आणि उरलेला धातू एकदम तुटतो. कापलेली कड भिंगातून पाहिली तर गोलसर भाग, चकाकती पट्टी आणि खरबरीत पट्टी असे तिन्ही थर ओळखता येतात. सर्वांत शेवटी असते ती बर, म्हणजे कडेबाहेर उठलेली धारदार कोर. दोन पात्यांमधली फट पत्र्याच्या जाडीच्या ५ ते १० टक्के असली की तडे नेमके भेटतात. फट मोठी झाली तर पत्रा कातरण्याऐवजी पात्यांच्या मध्ये दुमडतो आणि बर वाढते. फट फारच कमी असेल तर तडे एकमेकांना चुकवतात, कड दोनदा कातरली जाते आणि पाती लवकर झिजतात. १ मिमी पत्र्यासाठी ही फट ०.०५ ते ०.१ मिमी एवढीच. त्यामुळे सांध्याचा बोल्ट सैल झालेली कात्री कितीही धार लावली तरी नीट चालत नाही.

जोराचा हिशेबही इथेच कळतो. ४ फूट रुंदीचा, २ मिमी जाडीचा साधा पत्रा दोन समांतर पात्यांनी एकाच वेळी कापायचा म्हटला तर सुमारे ८० टन जोर लागेल. वरचे पाते फक्त २ अंश तिरके केले की कोणत्याही क्षणी जेमतेम ५७ मिमी लांबीचा पत्रा पात्यांच्या तावडीत असतो आणि जोर दोन टनांच्या आत येतो. गिलोटिनचे पाते तिरके असते ते यासाठी, आणि दोन फुटांच्या दांड्याची लिव्हर शिअर माणसाच्या हाताने चालते तीही यामुळे. या सोयीची किंमत पत्रा भरतो. तिरक्या पात्याखाली बाजूला पडणारी पट्टी अरुंद असेल तर तिला पीळ बसतो. अरुंद पट्ट्या सरळ हव्या असतील तर पात्याचा उतार कमी ठेवावा लागतो, म्हणजे यंत्र जास्त ताकदीचे लागते.

आखणी आणि हातकात्री

कापाची अचूकता आखणीपासूनच ठरते. साध्या पत्र्यावर पोलादी स्क्रायबर आणि गुण्या पुरेसे आहेत. जीआय, रंगीत आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर मात्र स्क्रायबरने फक्त कापण्याची रेघ ओढावी. वाकवण्याची रेघ पेन्सिलीने किंवा मार्करने काढावी. खरवडलेल्या रेषेवर मुलामा जातो आणि तिथेच गंज धरतो. अ‍ॅल्युमिनियम तर खरवडलेल्या रेषेवर वाकवताना तडकूही शकते.

हातकात्री हे पत्राकामातले सर्वांत जुने आणि सर्वांत कमी लेखले गेलेले हत्यार. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत घंगाळे आणि हंडे घडवणाऱ्यांचे नाव हातोडीच्या ठोक्यांनी झाले, पण ठोके पडायच्या आधी तांब्याच्या पत्र्याची गोल चकती कापावी लागते. सरळ पात्यांची साधी कात्री सरळ रेषा आणि मोठे बाह्यगोल कापते. वाकड्या पात्यांची आतले गोल कापते. साध्या पत्र्यात तिची पोच २२ ते २४ गेज.

त्याहून जाड पत्र्यासाठी दुहेरी तरफेची कात्री आली. विमानांच्या कारखान्यांतल्या कामासाठी ती घडली, म्हणून इंग्रजीत तिला एव्हिएशन स्निप म्हणतात आणि आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानांतही ती याच नावाने मिळते. मुठीचा रंग तिचे वळण सांगतो: पिवळी सरळ कापते, लाल डावीकडे वळते, हिरवी उजवीकडे. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गोल कापायचा असेल तर हिरवी, उलट दिशेने असेल तर लाल. एकच घ्यायची असेल तर बरेच जण पिवळी घेतात आणि पुढे वळणावर अडतात. लाल आणि हिरवी अशी जोडी घ्यावी. सरळ काम त्या दोन्ही करतात.

या कात्र्यांची धार सुरीसारखी निमुळती नसते. पात्याची कड काटकोनाच्या जवळ जाणारी, ८० ते ८५ अंशांची असते. ती निमुळती घासून 'चांगली धार' काढणारा माणूस कात्री बिघडवतो. अशी कड पहिल्याच जाड पत्र्यावर तुटते. कापताना पाती टोकापर्यंत मिटू नयेत. पूर्ण मिटली की टोकापाशी प्रत्येक वेळी आडवा ओरखडा उठतो आणि कड दातेरी होते. पाती पाऊण मिटवावीत, पत्रा पुढे सरकवावा, पुन्हा दाबावे. पत्रा शक्य तितका सांध्याजवळ घ्यावा, कारण जोर तिथे सर्वांत जास्त मिळतो. रेषेवरून थेट मोठा तुकडा कापण्याऐवजी आधी रेषेबाहेर बोटभर अंतर सोडून ढोबळ काप घ्यावा आणि मग रेषेवरून बारीक पट्टी छाटावी. अरुंद पट्टी सहज गुंडाळत बाजूला जाते आणि मूळ पत्रा सपाट राहतो. पत्र्याच्या मध्यात भोक कापायचे असेल तर टाकाऊ भागात ड्रिलने भोक पाडून तिथून गोल गोल फिरत रेषेकडे यावे. खिळे आणि तारा कापण्यासाठी ही कात्री वापरणे हा शुद्ध अपराध आहे. पात्यावर एकदा खाच पडली की ती प्रत्येक कापावर उमटते.

छिन्नी आणि हॅकसॉ यांचा उल्लेख पाठ्यपुस्तकांत मोठा असतो, पत्राकामात उपयोग लहान. पत्रा व्हाइसमध्ये रेषेवर पकडून ६० अंशांची सपाट छिन्नी जबड्याला टेकवून तिरकी मारली तर जाड पत्राही कातरला जातो, कारण व्हाइसचा जबडा इथे खालच्या पात्याचे काम करतो. हॅकसॉची अडचण दात्यांची आहे. किमान दोन-तीन दाते एकाच वेळी धातूवर असावेत असा नियम; इंचाला ३२ दात्यांच्या पट्टीत दोन दात्यांमधले अंतर सुमारे ०.८ मिमी असते, म्हणजे १ मिमी पत्र्यावर सरळ उभी चालवलेली करवत एकेका दात्यावर अडखळते आणि दाते मोडतात. करवत अगदी तिरकी धरून किंवा पत्रा दोन लाकडी फळ्यांमध्ये दाबून फळ्यांसकट कापून हे टाळता येते.

दुकानातली यंत्रे आणि हातातली यंत्रे

टेबलाला बोल्टने बसवलेली लिव्हर शिअर लहान दुकानाला सर्वांत जास्त परतावा देणारे यंत्र आहे. वीज लागत नाही, चकत्या बदलाव्या लागत नाहीत, ठिणगी उडत नाही. सरळ कापासाठी तिच्यात आणि मोठ्या यंत्रात फरक फक्त लांबीचा. लांब सरळ कापांसाठी पायाने दाबायची शिअर किंवा विजेवर चालणारी गिलोटिन लागते. भोसरी, सातपूर, वाळूज किंवा कोल्हापूरजवळच्या शिरोलीसारख्या औद्योगिक वसाहतींत शिअरिंग आणि बेंडिंगचे काम मजुरीवर करून देणारी दुकाने असतात, आणि दहा-बारा पत्रे कापायचे असतील तर त्यांच्याकडे जाणे हातकात्रीपेक्षा स्वस्त पडते. तिथे पत्रा देताना जाडी आणि धातू खरा सांगावा. २ मिमीसाठी लावलेल्या फटीत अर्ध्या मिमीचा पत्रा दिला तर तो दुमडून येतो आणि दोष यंत्रावर जातो.

हातात धरायच्या विजेच्या शिअरचे दोन प्रकार आहेत. एकात एक पाते हलते आणि एक स्थिर असते. कापात गेलेला धातू शून्य, पण एक बाजू थोडी वाकते. दुसऱ्यात दोन स्थिर पात्यांच्या मध्ये तिसरे पाते वर-खाली होते आणि पाच-सहा मिमीची पट्टी गुंडाळत बाहेर फेकते. दोन्ही बाजू सपाट राहतात. डक्टच्या कामाला दुसरा प्रकार जास्त सोयीचा.

निबलर मात्र वेगळाच प्राणी आहे. तो पत्रा कातरत नेत नाही, छोट्या पंचने एकामागून एक चंद्रकोरीसारखे तुकडे पाडत पुढे सरकतो. त्यामुळे पत्रा दोन्ही बाजूंना सपाट राहतो, वळण कुठल्याही दिशेला घेता येते आणि मुख्य म्हणजे पन्हळी पत्रा आडवा कापता येतो. पन्हळींच्या चढ-उतारावर साधी कात्री चालत नाही. कोकणात छपराला पन्हळी पत्रे चढवणाऱ्याकडे निबलर नसतो तेव्हा ग्राइंडर पुढे येतो, आणि पुढच्या दोन-तीन पावसाळ्यांतली गंजाची कथा तिथून सुरू होते. ड्रिलला जोडायचे निबलरही मिळतात. रोजच्या कामाला ते कमजोर, पण एखाद्या छपरापुरते पुरे. निबलरचा दोष त्याचे तुकडे. ते बुटाच्या तळव्यात घुसतात, टायरमध्ये जातात, आणि स्टेनलेस किंवा अ‍ॅल्युमिनियमचे असतील तर चुंबकाने गोळा होत नाहीत. खाली ताडपत्री अंथरूनच काम सुरू करावे.

जिगसॉ वळणांना आणि आतल्या कापांना चांगला. इंचाला २१ ते २४ दाते असलेले धातूचे ब्लेड, कमी वेग, रेषेवर थेंबभर तेल आणि खाली प्लायवूडचा आधार, एवढे असेल तर तो १ ते ३ मिमी पत्रा व्यवस्थित कापतो. आधार नसेल तर पत्रा थरथरतो आणि काम सोडून कान धरायची वेळ येते.

ग्राइंडर

चार इंची अँगल ग्राइंडर आज जवळपास प्रत्येक फॅब्रिकेशनच्या दुकानात आहे आणि पत्रा कापण्याच्या निम्म्या चुकीच्या कामांचे कारणही तोच आहे. तो स्वस्त आहे, काहीही कापतो आणि शिकवावा लागत नाही असा समज आहे. पाइप, अँगल, सळई यांसाठी त्याला पर्याय शोधण्याची गरज नाही. पातळ पत्र्यासाठी तो बहुतेक वेळा शेवटचा पर्याय असावा.

कारण उष्णता. जस्त ४२० अंश सेल्सियसला वितळते आणि ९०७ अंशांना उकळते. चकतीखाली कापाची कड त्याच्या वर जाते आणि मुलामा जळून जातो. १२० किंवा २७५ असे जे आकडे जीआय पत्र्यावर दिलेले असतात, ते दोन्ही बाजू मिळून दर चौरस मीटरला किती ग्रॅम जस्त आहे ते सांगतात. २७५ चा अर्थ प्रत्येक बाजूला जेमतेम १९ मायक्रॉनचा थर. कात्रीने कापलेल्या जीआय पत्र्याची उघडी कड शेजारचे जस्त स्वतः झिजून वाचवत राहते. ग्राइंडरने कापल्यावर कडेला ते जस्तच उरत नाही. त्यात भर ठिणग्यांची. ठिणगी म्हणजे तापलेला लोखंडी कण; तो रंगीत पत्र्यावर पडला की रंगात रुतून बसतो आणि पहिल्या पावसात तिथे तांबडा ठिपका उमटतो. छपराचे रंगीत पत्रे घासणाऱ्या चकतीने कापू नयेत अशी सूचना उत्पादक देतात, ती उगाच नव्हे. छपरावर कापाकापी करून कीस तिथेच सोडला तरी हाच परिणाम होतो; संध्याकाळी छप्पर झाडून काढणे हा कामाचाच भाग धरावा. जस्त जळताना निघणारा पांढरा धूर फुप्फुसांत गेला की काही तासांनी ताप, थंडी आणि अंगदुखी येते. बंद खोलीत जीआय पत्रा जाळत कापणे त्यामुळे दुहेरी नुकसानीचे.

स्टेनलेसचे गणित वेगळे. साध्या लोखंडावर वापरलेली चकती स्टेनलेसला लावली की लोखंडाचे कण कडेत घुसतात आणि 'न गंजणारा' ओटा कडेने गंजतो. स्टेनलेससाठी लोह, गंधक आणि क्लोरीन नसलेल्या चकत्या मिळतात. त्या वेगळ्या ठेवाव्यात. अ‍ॅल्युमिनियमला साधी चकती लावूच नये.

तरीही ग्राइंडर वापरावाच लागला तर १ मिमी जाडीची चकती घ्यावी. जाड चकतीपेक्षा ती कमी धातू खाते आणि कमी तापवते. मिनिटाला ११,००० फेरे घेणाऱ्या चार इंची चकतीची कड ताशी २०० किमीहून जास्त वेगाने फिरते. चकतीवर छापलेला कमाल वेग यंत्राच्या वेगापेक्षा जास्त असायलाच हवा, मधल्या धातूच्या कड्यावर छापलेली मुदतही पाहावी, आणि कापायच्या चकतीच्या सपाट बाजूने घासू नये. मोठी चकती बसावी म्हणून गार्ड काढून टाकणे आणि ग्राइंडरला लाकूड कापायचे दातेरी ब्लेड लावणे या दोन सवयी आपल्याकडच्या दुकानांत सर्रास दिसतात. बोटे आणि चेहरे यांच्या जखमांचा मोठा वाटा या दोन सवयींचाच आहे असे मानायला हरकत नाही.

आग, वीज आणि प्रकाश

गॅस कटिंगमध्ये लोखंड वितळवले जात नाही, जाळले जाते. अ‍ॅसिटिलीनच्या ज्योतीने पोलाद लालबुंद, सुमारे ९०० अंशांपर्यंत तापवतात आणि शुद्ध ऑक्सिजनचा झोत सोडतात. लोखंड ऑक्सिजनमध्ये जळते, आणि त्याचे ऑक्साइड लोखंडापेक्षा कमी तापमानाला वितळत असल्याने झोताबरोबर वाहून जाते. स्टेनलेस आणि अ‍ॅल्युमिनियम या पद्धतीने कापता येत नाहीत त्याचे कारण हेच: त्यांची ऑक्साइडे २,००० अंशांच्या वर वितळतात, म्हणजे धातूच्या कितीतरी नंतर, आणि झाकणासारखी बसून राहतात. जाड प्लेटला गॅस उत्तम. ३ मिमीच्या आतला पत्रा मात्र उष्णतेने वेडावाकडा होतो, म्हणून पत्राकामात त्याला जागा नाही.

प्लाझ्मा कटिंग १९५७ मध्ये अमेरिकेतल्या युनियन कार्बाइडच्या रॉबर्ट गेज यांनी पेटंट केले. विजेच्या ठिणगीतून वायू नेऊन त्याचा हजारो अंश तापलेला झोत बनवायचा आणि धातू वितळवून उडवून द्यायचा. वीज वाहून नेणारा कोणताही धातू यात चालतो. साध्या कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणारी छोटी यंत्रे आता मध्यम फॅब्रिकेटरच्या आवाक्यात आहेत. कड किंचित तिरपी येते, खाली मळी चिकटते आणि मुलामा कडेला जळतो, तरी पत्रा गॅसइतका वाकत नाही. मोटारीच्या गंजलेल्या पत्र्याचा भाग काढण्यासारख्या कामाला प्लाझ्मा चपळ आहे. मागे वायर, कापूस किंवा पेट्रोलची नळी नाही याची खात्री आधी करावी लागते.

लेझर कटिंगच्या इतिहासात महाराष्ट्राचा एक थेट धागा आहे. कार्बन डायऑक्साइड लेझर १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये कुमार पटेल यांनी विकसित केला. ते १९३८ मध्ये बारामतीत जन्मले आणि पुण्याच्या कॉलेज ऑफ इंजिनीअरिंगमधून १९५८ मध्ये पदवीधर झाले. पुढे १९६७ मध्ये ब्रिटनमध्ये पीटर होल्डक्रॉफ्ट यांनी लेझरच्या किरणाबरोबर ऑक्सिजनचा झोत सोडून पोलादी पत्रा कापून दाखवला, आणि हा किरण प्रयोगशाळेतून कारखान्यात आला. कार्बन डायऑक्साइड लेझरची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन. आज त्याची जागा बहुतांशी फायबर लेझरने घेतली आहे; त्याची तरंगलांबी १ मायक्रॉनच्या थोडी वर असते, आणि ती धातू जास्त शोषून घेतात. चकाकणारे तांबे आणि पितळ कार्बन डायऑक्साइड लेझरचा किरण परतवत, ते फायबरने कापता येतात.

लेझरवाल्याकडे काम देताना फक्त ड्रॉइंग आणि संख्या देऊन भागत नाही. कोणत्या वायूने कापायचे तेही ठरवावे लागते. ऑक्सिजनने साधे पोलाद स्वस्तात कापले जाते, पण कडेवर काळपट ऑक्साइडचा थर राहतो. त्यावर पावडर कोटिंग केले तर काही दिवसांनी कडेचा रंग पापुद्र्यासारखा निघतो. नायट्रोजनने कड चकचकीत राहते, खर्च वाढतो. रंगवायचा पत्रा असेल तर एकतर नायट्रोजन सांगावा किंवा कडा घासून घेण्याचा खर्च धरावा. स्टेनलेससाठी नायट्रोजनच. काप अर्ध्या मिमीहूनही अरुंद असतो, त्यामुळे एका पत्र्यात तुकडे दाटीने मांडता येतात आणि पत्र्याची बचत हीच लेझरची खरी कमाई ठरते.

गार्नेटच्या बारीक वाळूसह हजारो बार दाबाने सोडलेला पाण्याचा झोत उष्णता अजिबात न देता कापतो. पातळ पत्र्यासाठी तो महाग आणि संथ. जिथे धातू तापलेला चालत नाही तिथेच त्याचा विचार करावा.

निवड आणि कापल्यानंतर

निवडीची सुरुवात हत्यारापासून न करता कडेपासून करावी. कापलेली कड वेल्ड होणार असेल, तर थोडी बर आणि थोडी उष्णता खपते. ती दुमडली जाणार असेल तर बर नको, पण रंग गेला तरी दुमडीत झाकला जातो. ती उघडी राहून पाऊस खाणार असेल तर उष्णता नकोच. कात्री, शिअर, निबलर एवढेच पर्याय उरतात. ती माणसाच्या हाताला लागणार असेल तर कापण्यापेक्षा कड घासण्याचा वेळ जास्त धरावा. त्यानंतर संख्या: एक तुकडा असेल तर हातकात्री, पन्नास सारखे तुकडे असतील तर बाहेरचा लेझर किंवा पंच. आकार आणि जाडी शेवटी तपासली तरी चालते, कारण तोवर पर्याय दोन-तीनच उरलेले असतात.

कापल्यावर बर कानशीने काढायची ती कडेच्या लांबीने, आडवी नाही. आडवी कानस पत्र्याला कंप देते आणि बर वाकवून दुसऱ्या बाजूला टाकते. पातळ पत्र्याला ड्रिलने भोक पाडताना पत्रा फळीवर घट्ट दाबून धरावा. भोक आरपार जाताना ड्रिल पत्रा पकडून पंख्यासारखा फिरवते, आणि तिथे हातमोजे घातले असतील तर तेही ओढले जातात. पत्रे उचलताना मात्र काप न लागणारे हातमोजे हवेतच. गंजलेल्या पत्र्याने कापले की धनुर्वात होतो ही समजूत अर्धी खरी आहे. धनुर्वाताचे जंतू माती आणि शेणात असतात, गंजात नाही. चकाकत्या नव्या पत्र्यानेही मातीत काम करताना झालेली खोल जखम तितकीच धोक्याची. लस वेळेवर घेतलेली असणे हाच उपाय.

नव्याने दुकान मांडणाऱ्याने आधी लाल आणि हिरव्या मुठीच्या दोन कात्र्या, मग लिव्हर शिअर, मग निबलर घ्यावा, आणि ग्राइंडर लोखंडी चौकटींच्या कामासाठी राखून ठेवावा. लिव्हर शिअर जुन्या बाजारात घ्यायची झाल्यास खिशात २६ गेजच्या पत्र्याचा एक तुकडा न्यावा. जाड पत्रा झिजलेली शिअरही कापते. पातळ तुकडा कातरला न जाता पात्यांमध्ये दुमडत असेल आणि सांध्याचा बोल्ट आवळूनही दुमडतच असेल, तर पाती वाकली किंवा झिजली आहेत असे समजावे आणि ती शिअर घेऊ नये.